रांजणातला पहिला घोट

शिरूरच्या स्टँडवर दौंडची गाडी अजून लागायची होती. हौसरावमामांच्या नव्या रिसॉर्टला निघालेली सायली बाकावर टेकली, तर शेजारी एक आज्जी नातीला फैलावर घेत होती.

"दीक्षे, घरी बुद्धवंदना म्हणतीस आन् तिकडं पुजारीण व्हतीस?"

"खेळातली गं, आज्जी. हौसराव मालकांनी नदीकाठच्या जुन्या माणसांचा एक धर्मच रचलाय, पाव्हण्यांना दाखवायला."

"देव कंचा त्यात?"

"देव न्हाई, पाण्याचा रांजण. पुजारणीनं पहिला घोट घ्यायचा, मग त्याच वाडग्यानं सगळ्यांनी. त्या धर्मात उष्टं म्हणून काय नसतंच."

"धर्म तर झ्याक हाय की! मालक बी पितात?"

"माझ्या हातनं. डोळे मिटून."

"मग काल रडत का आलीस?"

"खेळ संपल्यावर तहान लागली, म्हणून रांजणात वाडगा घातला. मालकीणबाई वरडल्या, 'ए, त्याला हात लावू नको. तुमचा माठ गोठ्यापाशी ठेवलाय.'"

सायलीचा फोन वाजला. मामीचा होता. तिनं तो वाजू दिला.

"आन् तरी आज चाललीस?"

"चारला खेळ हाय, आज्जी. पहिला घोट मलाच घ्यायचाय."