तिसरी उकळी

सासरे: पातेल्याला हात लावू नकोस, तिसरी उकळी बाकी आहे.

सून: बाबा, गॅस बंद करा.

सासरे: का? चिमीच्या दुधाचं पाणी आहे. तू जा प्रयोगशाळेत, नातीला सांभाळायला आजोबा समर्थ आहेत!

सून: तिथूनच येतेय. गल्लीतल्या विहिरी तपासल्या, आपलीही. पाण्यात नायट्रेट आहे. शेतातली खतं, शोषखड्डे, सगळं खाली झिरपलंय.

सासरे: म्हणून तर उकळतोय. जंतूंची काय बिशाद!

सून: जंतू मरतात हो. हे मिठासारखं विरघळलेलं असतं. मिठाचं पाणी आटवलं तर?

सासरे: आणखी खारट होतं.

सून: तसंच.

सासरे: अगं, मी तर निम्मं आटवतो. चांगलं दाट शुद्ध व्हावं म्हणून.

सून: माहीत आहे मला.

सासरे: काय होतं त्यानं?

सून: तान्ह्या बाळांच्या रक्तात प्राणवायू नीट चढत नाही. ओठ निळे पडतात.

सासरे: परवा आंघोळीनंतर तिचे ओठ... मला वाटलं, गारठली. दुपट्यात गुंडाळलं आणि वर आणखी एक बाटली पाजली.

सून: बसा आधी. सकाळी मी तिला लस द्यायला नेलं नव्हतं. रक्त तपासायला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पाणी बदललं की ठीक होईल.

सासरे: मला नाही सांगितलंस?

सून: तुमचा जीव टांगणीला लागला असता. माझा एकटीचा पुरे होता.

सासरे: उद्यापासून तिला पाळणाघरात ठेव. माझा काही भरवसा नाही.

सून: काहीतरीच! आपली विहीर आता फक्त धुण्याभांड्यांना. लांबच्या तलावातून नळ येईपर्यंत प्यायला टँकर. आणि चिमी तुमच्याचकडे.

सासरे: एवढं होऊनही?

सून: तीन-तीनदा पाणी उकळणारा माणूस मी पाळणाघरात कुठून आणू?

(आतून बाळाच्या रडण्याचा आवाज.)

सासरे: उठली. तू घे तिला.

सून: येताना टँकरचं पाणी कळशीत आणलंय. दूध मी करते, तुम्ही पाजा.

सासरे: बाटली नको गं देऊस माझ्या हातात.

सून: मग बाटली मी धरते. तुम्ही तिला धरा.