चांदूरच्या मिरवणुकीत मी काहून लपलो

...अन् वरून मलेच म्हणतात, बातम्या पाहू नका! आता तुमीच सांगा, माहा पोरगा कुलदीप आखातात क्रेन चालवते, त्याच्या शहरावर मिसाइल पडून राहिले, तीन दिवस झाले त्याचा फोन लागत नाही, तं बापानं टीव्हीवर काय पाहावं, भाजीचे प्रोग्राम? मी काही भेकड माणूस नाही, तुमाले सांगतो. शेतात दोनदा साप मारला मी. पण थो बातमीवाला... "पुढचे चोवीस तास अत्यंत धोक्याचे!" अबे, कालही चोवीस, परवाही चोवीस, हे चोवीस तास सरत काहून नाहीत?

शेवटी आमच्या आशाबाईनं, म्हणजे कुलदीपच्या मायनं, टीव्हीची पिनच उपटली. म्हणे, पोट्ट्यांनी यंदा नव्या पिकाची मिरवणूक काढली गावात, जा, पाहून या, नाहीतं पोराच्या आधी तुमालेच दवाखान्यात पाहा लागन.

गेलो. अन् खोटं काहून बोलू, मस्त वाटलं! पुढं डफडे, मागं झेंडूनं मढवलेले ट्रॅक्टर, बैलांच्या पाठीवर आमच्या तौहीद टेलरनं शिवलेल्या आरशाच्या झुली. किसनरावनं तं सोयाबीनच्या पोत्याले फेटा बांधून ट्रॅक्टरवर नवरदेवासारखं बसवलं होतं, अन् माइकवाला ओरडून राहिला, "पाहा हो पाहा, किसनरावांचं सोयाबीन पाहा," जसं काही आमी जन्मात सोयाबीन पाहिलंच नाही! हसलो मी. दहा मिनिटं मले कुलदीपची आठवणच नाही आली. अन् आली तं म्हटलं, पोरगं तिकडं कोणत्या तळघरात बसलं असन, जेवलं असन का नाही, अन् बाप इकडं पोत्याचा फेटा पाहून राहिला. लाज वाटली मले. भेवही वाटलं.

अन् तेवढ्यात डोक्यावर घर्रर्र...

मी काही भेकड माणूस नाही. पण तीन दिवस टीव्हीवर थोच आवाज ऐकून राहिलो होतो मी! वर पाहिलं तं काळं, सहा पंख्याचं, सरळ माह्याच अंगावर येऊन राहिलं. मी बोंबललो, "पडा रे खाली, आलं!" अन् बाजूनं पयल्या वेचणीच्या कापसाची बैलबंडी चालली होती, घेतली ना तिच्यात उडी! नाकापर्यंत आत. डोळे मिटले, कुलदीपचं नाव घेतलं, म्हटलं संपलं आता...

वरून काय पडलं? झेंडूच्या पाकळ्या! गावातल्या बंडूचं शेतातल्या फवारणीचं ड्रोन होतं थे. औषधाच्या जागी फुलं भरली होती त्या शहाण्यानं. अन् लोकं? लोकं टाळ्या वाजवून राहिले! त्याइले वाटलं हा देखावाच हाये. माइकवाला म्हणते, "कापसातून काका निघाले, जोरदार टाळ्या!" सतरा मोबाइल माह्यावर. तौहीदनं हात देल्ला, हळूच म्हणे, "चाचा, फूल है, डरो मत." म्हटलं, मी काही भेकड माणूस नाही बावा, मी कापूस तपासून राहिलो होतो. कानात कापूस, मिशीत कापूस, अन् तौहीदचा हात काही मी सोडला नाही.

घरी आलो, आशाबाई मिशीतला कापूस काढून राहिली होती, तं फोन वाजला. कुलदीप! तीन दिवसानं! रडलो मी, सांगतो ना, ढसाढसा रडलो.

पण थो माह्यापेक्षा जास्त घाबरलेला! म्हणे, "बाबा, मी ठीक हाये, इकडं नेट बंद होतं. आता सुरू झालं तं पयला तुमचाच व्हिडिओ दिसला. खरं सांगा, चांदुरात काय होऊन राहिलं?"

म्हटलं, "काही नाही रे, फुलं होती."

"लपवू नका, बाबा. मी डोळ्यानं पाहिलं, वरून ड्रोन आलं अन् तुमी बंडीत उडी घेतली. मले इथं झोप लागणार नाही. आईले घ्या अन् काही दिवस धारणीले मामाकडं जा, जंगलात कोणी येत नाही."

अर्धा तास समजावलं. ऐकते काय? बापाचंच रक्त!

तवा आता आशाबाई पिशव्या भरून राहिली. पोराले तिकडं नीट झोप लागावी म्हणून, उद्या सकाळच्या बसनं, आमी दोघं युद्धातून पळून जाऊन राहिलो.