पिवळ्या दिव्याचा बल्ब

— नाही साहेब, चावी आज लगेच नाही मिळायची, पुढचं डावं चाक खोललंय बघा. बसा ना. स्टूल मुद्दाम पुसून ठेवलंय. चहा सांगितलाय. तुम्हाला चारलाच बोलावलं कारण बिघाड सापडलाय, आणि सापडलेला बिघाड मालकाला त्याच्या डोळ्यांनी दाखवायचा ही माझी पद्धत — कुवेतच्या गॅरेजात सहा वर्षं काढली तेव्हापासूनची. प्रत्येक गाडीची नोंद वहीत ठेवतो. तारीख, तक्रार, काय खोललं, काय दिसलं. लोक हसतात. हसू देत.

तर ऐका. तुमची ही जर्मन गाडी, ब्याऐंशीचं मॉडेल, दुबईहून आणलेली — असले ब्रेक अख्ख्या अंधेरीत किती गाड्यांना असतील? चार? पाच? कितीही जोरात दाबा, चाक जाम होत नाही, गाडी घसरत नाही. कशी काय? तर चाकापाशी एक सेन्सर बसवलाय, तो आतल्या डब्याला कळवतो, चाक फिरतंय की अडकलंय. अडकलं असं वाटलं की डबा ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो, धरतो, सोडतो, धरतो. हुशार आहे डबा. पण त्याला कोणी खोटंच सांगितलं तर? हा बघा सेन्सर. टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय, गंज धरलाय. वेगात काही कळत नाही. पण गाडी अगदी थांबायच्या बेताला आली की हा गप्प बसतो, डब्याला वाटतं चाक अडकलं, आणि तो ब्रेक सोडून देतो! तुम्ही पाय दाबून धरलाय आणि गाडी चाललीय पुढे. पेडल पायाला लाथ मारतं. तुम्हालाही मारली असेल ना, पहिल्यांदा माझ्याकडे गाडी आणलीत त्याला झालेल्या या तीन आठवड्यांत? — मारली ना. मग!

दरवेळी नाही होत, तेही खरं. मागच्या रस्त्यावर मी चाळीस वेळा थांबवून बघितली, चारदा सुटला ब्रेक. म्हणूनच तर कोणाचा विश्वास बसत नाही. आता इकडे वाका, डॅशबोर्डात. या ब्रेकमध्ये काही बिनसलं की इथे पिवळा दिवा लागतो. तुमच्या गाडीत लागतच नव्हता. का? होल्डर रिकामा! बल्ब जळलेला नाही साहेब, काढलेला. कोणी काढायला लावला? 'काढून टाक तो, पाहुण्यांसमोर बरं नाही दिसत' — हे कोण म्हणालं? नका, नका सांगू. मला माहीत आहे. तुमच्या ड्रायव्हरकडून ऐकलंय मी.

दत्ताराम. चौदा वर्षं होता तुमच्याकडे. फेब्रुवारीत तुमच्या फॅक्टरीच्या गेटपाशी गाडी थांबता थांबता पुढे गेली, वॉचमनचा पाय मोडला. तो बिचारा सांगत होता, साहेब, पेडल लाथ मारतं, मी दोनदा बोललो होतो तुम्हाला. आणि तुम्ही पोलिसांना काय सांगितलंत? तोंडाला वास येत होता! वास! शिमग्याला गावी गेला तर एक ग्लास घेतो तो, तोही बायकोची पाठ वळली की. ती बायको म्हणजे माझी थोरली बहीण, साहेब. विमला. — हां. आडनाव वेगळं, तुम्हाला कळायचं कारणच नव्हतं. आणि पहिल्यांदा मी काही बोलवायला आलो नव्हतो. तुम्ही आपण होऊन आलात, माझ्या दारात.

लायसन गेलं त्याचं. मानखुर्दला एका सोसायटीत गाड्या धुतो. चालवत नाही — धुतो. पोरं 'बेवडा काका' म्हणून हाक मारतात, आणि तो ओ देतो हो! बुधवारी तारीख आहे कोर्टात.

काय? एवढंसं शोधायला तीन आठवडे? छे छे. पहिल्याच दिवशी सापडलं. मीटर लावला, चाकं हाताने फिरवली, तिन्हींना सुई नीट हलते, या चौथ्याला मधेच पडते. अर्ध्या तासाचं काम. मग तशीच दिली परत — हो, दिली! तुमच्या पायाला कळावं म्हणून. एकदा लाथ बसावी, घाम फुटावा, दत्ताराम आठवावा —

कोण? मुलगी? तुमची मुलगी चालवते ही? कॉलेजला? ... कधीपासून? मला नाही सांगितलंत हे. — मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात फक्त तुमचा पाय होता.

हं.

ओरडू नका साहेब. तेही वहीत आहे. हे बघा, तीन तारीख — 'डावा सेन्सर खराब. मालकास सांगितले नाही.' माझंच अक्षर. पान फाडता येईल, येईल ना, पण एक फाडलं की मागची पुढची सगळी खोटी पडतात, मग दत्तारामला काय उरलं? थांबा, पेन कुठे गेलं... 'गाडी मुलगी चालवीत होती.' झालं.

रिक्षा थांबली बघा. त्या वसुधाबाई, दत्तारामच्या वकील, आणि सोबत गाड्या तपासून कोर्टाला लेखी देणारा सर्व्हेयर. त्यांच्यासमोर खोलायचं म्हणून चाक असंच ठेवलंय. वही त्यांच्या हातात देणार, अख्खी. तुमची पानं आणि माझं पान. — उठू नका. चहा घ्या, निवतोय.

या बाई, आत या. गाडी ही. मालक हे. वही घ्या. — आता मी काही बोलणार नाही.