नवीन असेल तेवढंच

लोणावळ्याच्या फलाटावर पुणे लोकलची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर कामशेतचे फोटो स्टुडिओवाले माऊली आणि त्यांची बायको समीक्षा, मध्ये बंद पडलेला कॉम्प्युटर ठेवून बसले होते.

"यातलं काही निघणार नाही म्हणाला दुरुस्तीवाला. पण तुमची बॅकअपची डिस्क आहे ना?" समीक्षाने विचारलं.

"आहे. फक्त तू केलेला सावित्रामावशींचा फोटो त्यात न्हाई."

"का? रोज कॉपी करता ना?"

"कॉपीची कमांड डिस्कवरच्यापेक्षा नवीन असंल तेवढंच उचलती. तू जुन्याच नावानं सेव्ह केलीस, अन् तुझ्या फाईलवर पंधरा वर्षांमागची तारीख पडली. जुनी समजून सोडली."

"मी ती गेल्या आठवड्यात केली."

"आतला सेल गेलाय. लाईट तोडली की कॉम्प्युटरचं घड्याळ मागं जातं."

"आणि लाईट कोण तोडतं?"

"दुकान बंद करताना मेन स्विच पाडायचा, ही आबांपासूनची पद्धत हाय."

"सेल बदला म्हणून दिवाळीपासून सांगतेय मी."

"तारीख बघायला भिंतीवर कॅलेंडर व्हतं की."

"म्हणजे डिस्कवर आधीचाच फोटो आहे. लेकीच्या लग्नात मावशींनी शेजारची खुर्ची रिकामी ठेवलेली, गेलेल्या नवऱ्याचा फोटो तिथं जोडायला सांगून."

"त्योच. सकाळी त्या आल्या, तवा डिस्क मोबाईलला लावून दाखवला."

"न बघता?"

"तुझाच असंल असं वाटलं."

"काय म्हणाल्या?"

"खुर्चीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, ह्यांना अजून बसवलं न्हाई व्हय?"