मोटारीला फुटलं कोड

हसायचं तर हसा, पण मी एकदा मोटारीला घोड्याचा वैद्य आणलता. महाराजांच्या राज्यात मोटारी नव्यानंच आलत्या. आमच्या इनामदार सरकारांनी काळीभोर मोटार घेतली, घोडी विकली आणि पागेतल्या मला म्हणाले, "आता हिची निगा राख."

निगा मला एकच ठावं. रोज सकाळी विहिरीच्या पाण्यानं धुवायची आणि वाळायला उन्हात उभी करायची. आठ दिवसांत तिच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. मी दोनदा धुवायला लागलो, तर ठिपके दुप्पट! माझी मतीच गुंग झाली. कोड म्हणावं, तर पत्र्याला कोड कसं फुटंल? आणि दुसऱ्या दिवशी सरकार तिच्यातनं लेकीचं लग्न ठरवायला निघालेले.

पळत जाऊन पागेचे जुने वैद्य दस्तगीरमामू यांना आणलं. त्यांनी एका ठिपक्यावर नख घासलं. "धुतल्यावर काय करतोस?"

"उन्हात उभी करतो की."

"विहिरीचा खार हाय ह्यो. पाणी उडून जातंय, खार ऱ्हातोय. पाण्यात थोडं लिंबू पिळून पूस, परत धू, आणि सावलीत मऊ फडक्यानं लगेच कोरडी कर."

"पण मामू, घोडं उन्हातच वाळायचं. त्याला कधी ठिपका उठला न्हाय!"

मामूंनी खांद्यावरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं.

"घोडं भिजलं की आपलं आपण अंग झाडतंय, बाबा. हिला झाडता येत न्हाय, म्हणून तर सरकारांनी तुला ठेवलाय."