ओलसर कुरडयांचा डबा

कुरडयांचं नाव काढू नका यार, डोकं फिरतं माझं! सासूबाईंनी आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या बाल्कनीत कुरडया वाळत घातल्या. मध्येच धुळीची आंधी आली, म्हणून ओलसरच घट्ट डब्यात भरून ठेवल्या. परवा डबा उघडला, तर आत हिरवीगार बुरशी.

"पुसून घे आणि तळ. तेलात सगळं मरतं," म्हणाल्या.

"आई, बुरशी मरेल, तिचं विष तसंच राहतं."

"काही होत नाही गं!"

"अच्छा? मग पहिली तुमच्या लेकाला वाढते."

"त्याला नको! उद्या ऑफिस आहे त्याचं. भांडी घासायला येते ना, त्या सरोजला देऊन टाक."

मी अख्खा डबा कचऱ्यात उपडा केला. म्हटलं, "आणि सरोजला उद्या सुट्टी आहे का?"