बाटलीत काय होते

मंगळवार, दिनांक २१ मे, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. या वेळी माझ्या आईच्या डाव्या हाताच्या शिरेत केमोचे औषध म्हणून जे सोडले गेले, ते औषध होते की नुसते पाणी, हे मला आजवर कोणीही सांगितलेले नाही. हा जबाब त्याबद्दल आहे.

माझे वय बासष्ट. टेलिफोन खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त. नाव आणि पत्ता हवालदारांनी पहिल्या पानावर उतरवून घेतला आहे, तेवढा बरोबर आहे. पुढचे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण त्यांच्या लिखाणात माझी आई माझी सासू झाली होती. मी अविवाहित आहे.

मी समक्ष हजर राहून सांगते की, घरी आम्ही दोघीच. आई त्र्याऐंशी वर्षांची. मार्चमध्ये तिच्या पोटात गाठ निघाली. दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा इंजेक्शने ठरली. पहिली दोन मी रुग्णालयाच्या दुकानातून घेतली. एका बाटलीला माझे तीन महिन्यांचे पेन्शन पुरत नाही. आईला उलट्या झाल्या, तोंड आले, केस गेले. त्यातच तिच्या हाती दुकानाचे बिल लागले.

ती म्हणाली, "मी आता जायची नाही. सगळं माझ्यावर उधळशील आणि पुढं तू काय खाशील?"

मी म्हणाले, "हट्ट करायला तू काय लहान आहेस?"

"म्हातारी आहे. म्हाताऱ्यांचा हट्ट जास्त चालतो."

वॉर्डाच्या व्हरांड्यात एक इसम रोज बसत असे. वय अंदाजे पन्नास, अंगाने जाड, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने. माझ्या आईला भाऊ नाही, त्यामुळे मला मामा नाही, पण वॉर्डात सगळे त्याला मामा म्हणत. तो निम्म्या किमतीत तेच इंजेक्शन देत असे. ज्यांचा पेशंट जातो त्यांच्याकडे बाटल्या शिल्लक राहतात, त्या मी गरजूंना देतो, असे त्याने सांगितले. मी बिल मागितले.

"ताई, बिल पाहिजे तर खाली दुकानात जा. औषध पाहिजे तर माझ्याकडे या."

मी त्याच्याकडे गेले. बिलाशिवाय एक पैसा द्यायचा नाही, हे आम्हाला शाळेत नन्सनी पट्टी मारून शिकवले होते. आईला मी निम्म्याच्याही निम्मी किंमत सांगितली. ती मुकाट्याने रिक्षात बसली.

२१ मेच्या इंजेक्शननंतर आईला काहीच त्रास झाला नाही. संध्याकाळी तिने दोनदा वाढून घेतले. "हे नवं औषध बघ किती गरीब आहे," ती म्हणाली. "आधीचं मेलं सासूसारखं अंगावर यायचं." ११ जूनला दुसरी बाटली झाली. डोक्यावर बारीक केस दिसू लागले, तेव्हा तिने कपाटातला कंगवा काढायला लावला. मी माझ्या जुन्या मैत्रिणींना फोन करून ही बातमी सांगितली.

वॉर्डात आईच्या शेजारच्या पलंगावर एक शिंपीणबाई दाखल होत्या, पस्तीसेक वर्षांच्या. त्यांना आईने सांगितले, "तू पण मामांकडूनच घे गं. अजिबात छळत नाही." त्यांनी घेतले. २४ जूनपासून त्या पलंगावर दुसरी पेशंट आहे. मी चौकशी केलेली नाही.

२६ जूनला स्कॅन झाला. गाठ दुपटीने वाढली होती.

२ जुलैला पुढची बाटली बर्फाच्या डब्यातून काढताना तिचे वरचे झाकण माझ्या हातात निघून आले. ते असे निघत नसते. आतल्या रबरी बुचाला सुईचे भोक आधीच पडलेले होते. मी बाटली डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती टोचू दिली नाही, परत माझ्या हातात दिली. मामा त्या दिवशी व्हरांड्यात नव्हता, त्यानंतरही दिसलेला नाही. आधीच्या दोन बाटल्या वॉर्डाने फेकून दिल्या आहेत. ही एकच उरली आहे, त्यांत काय होते ते आता हिच्यावरूनच कळेल, आणि काल मी ती या ठाण्यात जमा केली.

डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले ते असे. खरे औषध जाऊनही गाठ वाढली असेल, तर त्यांच्याकडे देण्यासारखे काही नाही. आईला घरी नेऊन दुखणे थांबवायच्या गोळ्या द्यायच्या. औषध गेलेच नसेल, तर तेच पुन्हा सुरू करून बघता येईल, पण मधले सहा आठवडे परत येत नाहीत आणि तिचे वय आडवे येते. मंगळवारी, ९ जुलैला, डॉक्टर मंडळी बसून ठरवणार आहेत. "तोंडी सांगून भागणार नाही, मला कागद लागेल," असे ते म्हणाले.

आपल्या ठाणे अंमलदारांनी मला सांगितले, "आजी, तपासणीला दोन-तीन महिने लागतात. आणि बिल नाही म्हणजे तुम्ही पण थोड्या अडकताच." मी त्यांची आजी नाही. अडकवायचे असेल तर जरूर अडकवा, मी सही करून देते. फक्त बाटली आधी तपासा.

आईला यातले काही सांगितलेले नाही. ते गरीब औषध पुन्हा कधी घ्यायचे, असे ती रोज विचारते.

वरचा मजकूर मी लिहिला, हवालदारांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे म्हणून आज, ४ जुलै रोजी सही करते. सहीखाली माझी मागणी: जमा केलेल्या बाटलीत औषध आहे की नाही, याचे उत्तर सोमवार, ८ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत ठाण्याच्या शिक्क्यासह लेखी मिळावे. ते नेण्यासाठी मी स्वतः येईन. शिपाई घरी पाठवू नये. दार आई उघडते.